दिवाणसाहेबांचे दोन मान

खाडीच्या अलीकडे एक संस्थान, पलीकडे दुसरं, आणि मधे ये-जा करायला एकच तराफा. पलीकडे एक बाई बाळंतपणात अडलेली, इकडे ओहोटी लागलेली. येसाक्का सुईण काठावर नुसती तळमळत होती. तेवढ्यात दिवाणसाहेबांची मोटार आली.

"आमची मोटार पहिली चढेल आणि पहिलीच उतरेल. त्याशिवाय तराफा हलणार नाही!"

तांडेलानं हात जोडले. "सरकार, तराफ्याला चढउताराचं तोंड एकच. पहिला चढतो तो शेवटी उतरतो. बरं, एकटी मोटार नेली तर तराफा कलंडेल, मागं बैलगाड्यांचं वजन हवंच."

"ते आम्हाला सांगू नकोस!"

येसाक्का पुढे झाली. "चढवा हो मोटार. सरकारांना दोन्ही मान मी देते."

मोटार ऐटीत चढली. तशी येसाक्का म्हणाली, "पहिलं चढायचा मान झाला. आता दुसरं कुणी चढायच्या आत उतरा, म्हणजे पहिलं उतरायचाही होईल!"

काठावरची माणसं खो खो हसली. मोटार मुकाट्यानं मागं आली, गाड्या चढल्या, आणि सगळ्यांत शेवटी दिवाणसाहेब.

पलीकडे मात्र पहिली उतरली ती येसाक्काच. तराफा टेकायच्या आधीच तिनं गुडघाभर पाण्यात उडी टाकली होती.