तुळशीखालची माती

आमची इमारत बावीस वर्षं उभी आहे, ती कशी ते तिलाही ठाऊक नाही. पाडून नवी बांधायची तर जमीन सोसायटीच्या नावावर हवी, आणि बिल्डर दौलतराव ढमढेरे ती करून देईनात. अर्ज लिहून लिहून आमच्या सेक्रेटरी इंदुमतीबाईंच्या चष्म्याचा नंबर वाढला. आम्ही आशा सोडली होती. प्लॅस्टरने तर कधीच सोडली होती.

वार्षिक सभेत दौलतराव मिशीला पीळ देत गरजले, "बाई, तुमच्या तुळशीखालची मातीसुद्धा माझी आहे!"

"लिहून सही कराल का, दौलतराव? आमच्या अडाणी सभासदांना तोंडी पटत नाही."

अडाणी म्हणजे आम्ही. दौलतरावांनी ऐटीत सही ठोकली.

बाईंनी पिशवीतून पालिकेची नोटीस काढली. "मग हीसुद्धा तुमचीच. मागची कललेली भिंत कुणावर पडली, तर गुन्हा जमिनीच्या मालकावर."

मिशीचा पीळ सुटला. आठवड्याभरात जमीन आमच्या नावावर झाली.

आम्ही पेढे वाटले आणि भिंतीपासून लांब उभं राहून खाल्ले. बावीस वर्षांत सोसायटीला मालकीची एक वस्तू मिळाली, तीही पडायला आलेली.