मुंगीच्या भाकरीचा मान

कोकणात एक होती मुंगी. एवढीश्शी, तिळाएवढी! तिला मिळाला भाकरीचा तुकडा. तांदळाची भाकर, पांढरीशुभ्र. घरी बाळं भुकेली होती. मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत शेळी शिंकली, आऽऽक्छी! तुकडा उडाला. शेळी मागे सरली आणि बसली, बद्दकन! बरोब्बर तुकड्यावर.

मुंगी म्हणाली,
"शेळीताई, शेळीताई, ऊठ ना!
भाकर मिळेना, बाळं जेवेनात!"

शेळी म्हणाली, "बें बें! आधी पाला दे, मग उठेन."

लाडोबाच ती! काय करायचं? मुंगी फणसाकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"फणसदादा, फणसदादा, पाला दे ना!
शेळी उठेना,
भाकर मिळेना, बाळं जेवेनात!"

फणस म्हणाला, "सळसळ! आधी पाणी दे, मग पाला."

मुंगी विहिरीवर गेली, तुरुतुरु तुरुतुरु. तिथे होता रहाट.

"रहाटमामा, रहाटमामा, पाणी दे ना!
फणस पाला देईना,
शेळी उठेना,
भाकर मिळेना, बाळं जेवेनात!"

रहाट म्हणाला, "कुर्रर्र! आधी तेल दे, मग फिरेन."

मुंगी दमली बिचारी. तरी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपुढे जैतूनखाला, सगळ्यांची मावशी, भाकरी थापत होती, थप थप थप.

"खाला, खाला, तेल दे ना!
रहाट फिरेना,
फणस पाला देईना,
शेळी उठेना,
भाकर मिळेना, बाळं जेवेनात!"

खालाचा हात थांबला.

"अगो बाय! भाकर? आणि शेळीच्या बुडाखाली? भाकर म्हणजे अल्लाची देणगी गो! तिच्यासाठी आधी-बिधी काही नाही. चल!"

अशी आमची खाला!

खालानं तेल दिलं, रहाट फिरला, गरगर गरगर.
रहाटानं पाणी दिलं, फणस डोलला, सळसळ सळसळ.
फणसानं पाला दिला, शेळी उठली, टुणकन!

आणि खाली? भाकरीचा तुकडा! चपटा झालेला, पण अख्खा.

खालानं तो उचलला. फुंकर मारली, फू फू! ओठांना लावला. डोळ्यांना लावला. आणि अलगद ठेवला उंच गडग्यावर, दगडी कुंपणावर.

मुंगी रडवेली झाली. "खाला, माझी भाकर!"

"तुझीच गो! पण भाकरीवर कुणाचा पाय पडू नये. तिला मान द्यावा. एवढ्याशा तुकड्यातही बरकत असते. जा, बाळांना घेऊन ये. वर बसा आणि बिस्मिल्ला करा."

मुंगी बाळांना घेऊन आली. सगळी गडग्यावर चढली, तुरुतुरु तुरुतुरु. गोल करून बसली. "बिस्मिल्ला!" म्हणाली. मग खाल्ली भाकर, कुटुकुटु कुटुकुटु. शेळी मान वर करून बघत राहिली. पण एक कणसुद्धा खाली सांडला नाही.

तुकडा पोटात, गोष्ट ओठात!