सोंडगडावरचे वाळूचे दळण

सोंडगडाच्या दरवाजातून आत शिरलात की तटाला टेकवलेले एक जाते दिसते. त्याची वरची तळी झिजून पार पातळ झाली आहे. धान्य दळून दगड एवढा झिजत नाही. गावचे दगडूतात्या आल्यागेल्याला इथे हटकून थांबवतात आणि कोंडाईची हकीकत सांगतात.

तोफा अजून या मुलखात आल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. गडाला वेढा पडला. वेढा घालणारा सरदार भारी धूर्त. त्याने तटाखाली राहुट्या ठोकल्या आणि रोज पहाटे कान लावून बसू लागला. गडावरची जाती थांबली की धान्य संपले, मग हल्ला चढवायचा, असा त्याचा बेत, आणि तो गडावरही कळला होता. आधीच्या गडावर त्याने एकही पुरुष जिवंत सोडला नव्हता म्हणे.

वैशाखात कोठारे रिकामी झाली. किल्लेदार मिशा कुरवाळण्यापलीकडे काही करीना. कोंडाईचे दोन्ही मुलगे तटावर पहाऱ्याला होते. रिकामे जाते फिरवले तर घरावर अवदसा येते, हे तिला ठाऊक होते. शिवाय रिकाम्या जात्याचा खडखडाट लपतो कुठे? तिने टाक्याकाठची वाळू आणली, जात्यात वैरली आणि नेहमीसारखी ओवी म्हणत दळायला बसली. मग इतर बायकांनीही तेच केले. पोट खपाटीला गेले, हाताला फोड आले, पण दळण थांबले नाही.

अमावास्येला सरदार कंटाळून वेढा उठवून गेला. त्याच्या फौजेतला एक टाकारी, म्हणजे गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरखरीत करणारा, तेवढा मागे राहिला. तो दरवाजाशी येऊन कोंडाईला म्हणाला, "माये, तू वाळू दळत व्हतीस. मला पहिल्याच दिशी कळलं. सरदारानं इचारलं, तवा म्या सांगितलं, गडावर दाणा मायंदाळ हाय."

"का रं बाबा? तू तर त्येंचा मानूस."

"दुष्काळात माझी आई असंच दळायची. भाकरी व्हनार म्हनून आमी पोरं त्या आवाजावर झोपी जायचो."

कोंडाईच्या डोळ्यांना धार लागली. खालून शिधा येताच तिने पहिली भाकरी थापली, ती पोटच्या पोरांना नव्हे, त्याला दिली.

जात्यांना टाकी लावायला आता कोणी फिरत नाही. तरी आजही वैशाखी अमावास्येला पायथ्याच्या वाडीत पहिली भाकरी वाटेवरच्या परक्या माणसाला हाक मारून देतात. परका भेटला नाही, तर घरची माणसे त्याची वाट बघत उपाशी बसतात.