'थांब' म्हटलं की थांबणारा बैल

फार जुन्या काळी सगुणा सुतारणीनं एक लाकडी बैल घडवला. तो आपला आपण चालायचा, बोलायचा आणि आनंदाच्या भरात बाजारातून उड्या मारत धावायचा. तो दिसला की कोंबड्या छपरावर चढायच्या आणि माणसं दारं लावून घ्यायची.

"मी कधी कुणाला धक्कासुद्धा लावला नाही," बैल रडवेला होऊन म्हणाला.

छपरावरची शेळी म्हणाली, "तू थांबणार हे तुला ठाऊक असतं रे. आम्हाला कुठे ठाऊक असतं?"

बैल सगुणाकडे गेला. "आई, कुणीही 'थांब' म्हटलं की माझे पाय थांबतील असं काहीतरी कर. माझी इच्छा नसली तरी थांबले पाहिजेत."

"अरे, मग कुणीही तुला अडवेल."

"अडवू दे."

सगुणानं त्याच्या पायांत तशी कळ बसवली. बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्याला अडवायला लोटलं. पोरं म्हणाली थांब, म्हातारे म्हणाले थांब, कोंबड्याही म्हणाल्या. एक पाय हवेत ठेवून बैल थांबायचा आणि लोक हसून लोळायचे. शेळीनं तर त्याला दिवसभर छळलं.

आठवड्यानं बैल पुन्हा उधळत आला, तेव्हा शेळी भर रस्त्यात रवंथ करत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

बैल हळूच वळसा घालून गेला आणि पुढच्या वळणावर त्यानं आनंदानं एक गिरकी घेतली.