मोरीवरचा पाट

एकदा एका मठाची मोरी तुंबली. मठ टेकडीच्या उतारावर होता. स्वयंपाकघर वर, आणि तिथून सांडपाण्याचा पाइप जमिनीखालून थेट खालच्या चेंबरपर्यंत. कैक वर्षांच्या पंगतींचं तूप आणि शितं त्या पाइपात थिजून बसली होती. स्वयंपाकघरात घोटाभर घाण पाणी साचलं.

मठात एक वृद्ध गुरुजी होते आणि त्यांचा एक शिष्य. शिष्याला सकाळपासून चैन नव्हतं, पण ते मोरीमुळे नव्हे. त्याचे वडील आज मठात येणार होते. वडील गुळाचे मोठे व्यापारी. मुलगा पेढी सोडून मठात गेला तेव्हा ते भर बाजारात म्हणाले होते, "आमचा दिवटा मोक्षाला गेलाय. भूक लागली की येईल परत."

ते वाक्य शिष्याच्या छातीत रुतून बसलं होतं. त्याचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ते पुटपुटत तो अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"गुरुजी, आज अण्णांना सगळं सुनावणार. मग नातं राहो नाहीतर तुटो. मनात साठवू नये, असं तुम्हीच म्हणता."

"म्हणतो खरा. आधी मोरी."

शिष्यानं बांबू घेतला आणि वरून ढोसायला लागला. जितकं ढोसलं, तितका बोळा घट्ट बसला. शेवटी गुरुजींनी भाड्यानं पाण्याच्या प्रेशरचं मशीन आणवलं. लांबच लांब नळी आणि तिच्या टोकाला पितळी तोटी. तोटीची भोकं मात्र मागच्या बाजूला.

"हे उलटं आहे," शिष्य म्हणाला.

"सुलटंच आहे. पाणी जोरात मागं मारतं, म्हणून नळी पुढं सरकते. आणि घाण मागं येते, नळी धरणाऱ्याकडे. तू खाली चेंबरपाशी जा."

"म्हणजे माझ्या अंगावर."

"तुझ्याच."

मग गुरुजींनी एक पाट घेतला, त्या घाण पाण्यात मोरीच्या जाळीवर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले. ही काय ध्यानाची वेळ, असं मनात म्हणत शिष्य खाली गेला. त्यानं मशीन सुरू केलं, नळी पाइपात सोडली. पाइप गुरगुरला. शिष्यानं वर उघड्या दारातून पाहिलं, तर गुरुजी पाटासकट वीतभर हवेत.

शिष्यानं नळी टाकली आणि जागच्या जागी साष्टांग नमस्कार घातला. एवढी वर्षं तो हेच बघायला थांबला होता.

"नमस्कार नंतर," वरून आवाज आला. "मशीन बंद कर. माझं वजन पुरत नाहीये."

नेमके त्याच वेळी व्यापारी आले. चांगले भरभक्कम गृहस्थ. गुरुजी उठून म्हणाले, "या शेठ. तुमच्यासाठीच जागा धरलीय."

व्यापाऱ्यांनी पाण्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि बसले. मांडलेल्या पाटाला नाही म्हणू नये.

मशीन पुन्हा सुरू झालं. शेठ हादरले, पण हलले नाहीत. मग खाली बोळा फुटला आणि कैक पंगती एकदम शिष्याच्या अंगावर आल्या.

नखशिखान्त माखलेला शिष्य वर आला. उत्तर ओठांवर होतंच, पण आधी त्यानं चिडून विचारलं, "गुरुजी, हे पाटाचं काय नाटक?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, पाइपात जोर केला की पाणी सापडेल त्या भोकातून उसळतं, घरातल्यांच्या तोंडावर. पाइप मोकळा होतो आणि घर नासतं. तू सकाळपासून जे घोळवतोयस, त्यालाही तसाच जोर आहे. साफ जरूर कर. पण घाण आपल्याकडे ओढायची असते. घरावर उडवायची नसते."

शिष्यानं वडिलांकडे पाहिलं. पाटाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून ते बसले होते.

"मुकुंदा, झालं का रे? उठू?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, दीक्षा देतायत. म्हटलं, पोरगं यातच रमलंय, तर आपणही बसून बघू."

ते लांबलचक उत्तर शिष्याला शोधूनही सापडेना. त्यातलं एकच वाक्य उरलं होतं.

"अण्णा, तुम्ही बाजारात बोललात, ते मला फार लागलं."

व्यापारी उठले. पाट सरकला आणि साचलेलं पाणी भोवरा करत जाळीतून निघून गेलं. ते संपेपर्यंत दोघंही बघत राहिले.

"बोलायला नको होतं," व्यापारी म्हणाले. मग धोतर पिळत, "जेवायला आहे का काही? भूक लागलीय."

शिष्याच्या जिभेवर एक फार सुंदर वाक्य आलं. गुरुजींनी शांतपणे पाट उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आहे ना," शिष्य म्हणाला. "आधी अंघोळ करून येतो."

मन मोकळं करायला निघताना आपल्या घरच्या जाळीवर कुणी वजनदार माणूस बसलाय ना, एवढं बघून घ्यावं.