केरबानं मंगलाष्टकं लहान केली

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव केरबा. मामा सर्जेराव मांडवाचं आणि स्पीकरचं काम करायचा, आणि केरबा मामाचं ऐकायचा. मामा बस म्हणाला की बसायचा. ऊठ म्हणेपर्यंत बसूनच राहायचा.

मामाच्या लेकीचं, शेवंताचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवऱ्याचा बाप तात्या म्हणजे घड्याळ बघितल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. त्यानं बजावलंच होतं, "बारा वाजून चौदा मिनिटांचा मुहूर्त. हुकला, तर आमचा नवरा घेऊन आम्ही परत जाणार." आणि नेमका गुरुजींचा घसा बसलेला. मग मामानं गुरुजींची आधी कुठल्या लग्नात भरून ठेवलेली मंगलाष्टकं आणली. पण ती फाइल ही एवढी, आणि स्पीकरचं कार्ड नखाएवढं. मावेना. आता गादी कशी दाबून बोचक्यात बांधतात? तसा आवाजसुद्धा कॉम्प्युटरवर दाबून लहान करता येतो म्हणे.

मामा म्हणाला, "केरबा, हे तू करायचं. पण आधी दुसऱ्यांच्या आवाजावर हात बसव. हा आकडा बघ. आकडा लहान केला की फाइल लहान होती."

"व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

पहिले आले दगडूबुवा, आपलं भजन घेऊन. केरबानं आकडा लहान केला. मग आणखी लहान. आकडा संपला तिथं थांबला. संध्याकाळी देवळात भजन लागलं, आणि बुवा तावातावानं मामाच्या दुकानात.

"सर्जेराव, हा माझा आवाज आहे, का रांजणात पडलेला बोकड?"

मामानं कपाळावर हात मारला. "अरं, गाण्याला आकडा मोठा ठेवायचा! सगळ्यात मोठा. बोलण्याला लहान चालतो."

"व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई महादू आला. नळाला पाणी सुटणार, तेवढं सांगून फोनवर घरोघर पाठवायचं होतं. महादूची दवंडीची जुनी सवय. त्यानं हेल काढून सांगितलं, "ऐका होऽ ऐकाऽ! ऐका होऽ ऐकाऽ! अकराला पाणी येणार होऽ!" केरबा म्हणाला, हा तर गातोय. ठेवला आकडा सगळ्यात मोठा. फाइल अशी फुगली, की फोनमधून सरकता सरकेना. निरोप पोचला तेव्हा पाणी येऊन गेलेलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन दुकानाच्या दारात.

"काय रं केरबा, आता तुझ्या कॉम्प्युटरातनं पाणी भरू का?"

मामा म्हणाला, "अरं बाबा, ऐकणाऱ्याच्या कामाचं तेवढंच ठेवावं! पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच ठेवायचं."

"व्हय मामा. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं सगळं ध्यानात ठेवलं. तीच तर पंचाईत झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी केरबा मंगलाष्टकं घेऊन बसला. ऐकतो तर काय, प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'शुभमंगल सावधान'. पुन्हा पुन्हा. म्हटलं, हे एकदाच ठेवायचं. शेवटचं ठेवलं. मग विचार केला, मांडवातल्या माणसांच्या कामाचं काय? सावधान ऐकायचं आणि अक्षता टाकायच्या. बाकीचं कोण ऐकतंय? बाकीचं काढलं. आणि गुरुजी गात होते, म्हणून आकडा ठेवला सगळ्यात मोठा.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. नवरा पाटावर, समोर अंतरपाट धरलेला. मामानं केरबाला सांगितलं, "नवरीच्या पाटाजवळची वायर ढिली आहे. पाटावर चढून ती धरून उभा राहा. शेवंता घरातनं निघाली, की बटण दाब. दोन कडवी होईतो ती येऊन पोचंल."

शेवंतानं उंबरा ओलांडला. केरबानं बटण दाबलं.

"शुभमंगल सावधान!"

असा खणखणीत, की मांडवाची कापडं हलली. लोकांनी अक्षता टाकल्या. वाजंत्री वाजली. धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. नवऱ्याच्या डोळ्यांवर मुंडावळ्या, त्यात बिचारा लाजरा. त्यानं मान खाली घालूनच पुढं हात केले आणि समोरच्या गळ्यात हार घातला.

समोर केरबा.

तात्यानं घड्याळ बघितलं. "बारा सहा! आठ मिनिटं आधी लग्न लागलं, ते पण ह्याच्याशी? उठा रे, गाड्या काढा!"

शेवंता वाटेतच रडायला लागली. मामा केरबावर ओरडला, "तू आता जागचा हलू नकोस! अजिबात हलू नकोस!" मग तात्यापुढं ओरडला, वाजंत्रीवाल्यांवर ओरडला. मामीनं मात्र पदर खोचला आणि म्हणाली, "तात्या, मुहूर्ताला अजून वेळ आहे. मंगलाष्टकं मला पाठ आहेत." आणि लागली की म्हणायला. तात्यानं घड्याळ बघितलं आणि बसला.

शेवंता पाटाशी आली. पाटावर केरबा, गळ्यात हार.

"केरबादादा, सरक की!"

"मामा म्हणाला, हलायचं न्हाई."

तिघांनी ओढला. केरबा खांबासारखा. "मामाला 'हल' म्हणायला सांगा, मग हलतो."

मामानं तोंड उघडलं. पण ओरडून ओरडून त्याचाही घसा गुरुजींसारखाच बसलेला.

तात्या म्हणाला, "बारा तेरा!"

मग काय करतात? शेवंताला उभी केली केरबाच्या मागं. बरोबर चौदाव्या मिनिटाला सावधान झालं, आणि लग्न लागलं.

शेवंताच्या घरी अजून तो फोटो लावलेला आहे. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, आणि मधे हार घालून केरबा. चेहरा बघा त्याचा. आपल्यामुळं मुहूर्त साधला, असाच आहे.