रेणुताईचे कोन

“पानं वाटायची, कोनात भरायची, हातावर पिळायची. यात एवढे पैसे कसले हो, खाला?”

मुरली अजून ओट्यावर चढलाही नव्हता.

गुलशनबी मेंदी चाळत होत्या. जिंतूरच्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. फडक्यातून हिरवी भुकटी परातीत पडत होती. हात थांबला नाही.

“दर सांगितलाय, बेटा. नाही जमत तर दुसरी बघ.”

“जमायचं विचारतंय कोण? आमची रेणुताई अख्ख्या गल्लीला काढायची. कुणाकडून रुपया घेतला नाही कधी.”

“माहीत आहे. याच ओट्यावर शिकली ती.”

“मग?”

“मग काय... मी रेणुका नाही.”

मुरलीचं डोकं सणकलं. पण उठून जायची सोय नव्हती.

ताईला जाऊन तीन महिने झाले होते. ठरलेलं लग्न माझ्यापायी पुढं ढकलू नका, असं तीच सांगून गेली होती. उद्या धाकट्या कावेरीची मेंदी. आणि कावेरी हटून बसलेली. लावीन तर ताईचीच मेंदी, नाहीतर कोऱ्या हातांनी बोहल्यावर उभी राहीन. मुरलीने तिला शब्द दिला होता. तो तसाच. आधी शब्द, मागून विचार.

त्याने पिशवीतून डबा काढला आणि परातीशेजारी आपटला. आत मेंदीचे कोन होते. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे दडवलेले. घरात कुणाला त्याने हात लावू दिला नव्हता, आईलासुद्धा.

“ताईने भरलेत. माल आमचा, तुम्ही नुसता हात चालवायचा. निम्मे घ्या.”

गुलशनबींनी एक कोन उचलला. दाबून पाहिला. नाकाशी धरला...

“बस. हात पुढं कर. दोन्ही.”

“माझे?”

“रंग बघायला मला नवरी लागत नाही.”

डाव्या तळहातावर त्यांनी ताईच्या कोनातून काहीतरी काढलं. उजव्यावर आपल्या कोनातून. मुरली तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

“आता वाळेपर्यंत हलायचं नाही.”

मुरलीला एका जागी बसायचं म्हणजे शिक्षाच. कानाशी माशी घोंगावली. खिशात फोन वाजायला लागला.

“कावेरीचा असेल.”

“वाजू दे.”

“नाक खाजतंय.”

“खाजू दे. एवढ्याएवढ्या पोरी अर्धा दिवस बसतात माझ्यापुढं. तू तर मिशीवाला गडी.”

फोन थांबला. करायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने खाली पाहिलं.

दोन्ही हातांवर, अंगठ्याच्या बुडाशी, एकेक पोपट. मान मागं वळवून स्वतःचीच शेपटी बघणारा.



“हा... हा ताईचा पोपट आहे.”

“हो.”

“तुम्ही शिकवला होता तिला?”

“माझा पोपट समोर बघायचा. तिने एक दिवस मान फिरवली. मी रागावले. मग तिच्याकडूनच शिकून घेतला.”

मुरलीच्या डोळ्यांना पाणी आलं. ताईला नेलं त्या दिवशी आलं नव्हतं. मांडवाचं सामान आणायच्या धावपळीतही आलं नव्हतं. आता आलं, आणि दोन्ही हात ओले. पुसायचं कशाने?

गुलशनबींनी पदराच्या टोकाने त्याचे डोळे टिपले. कुणाच्या गालाला पीठ लागलं तर पुसावं, तसे. आणि पुन्हा मेंदी चाळायला लागल्या.



वाळल्यावर त्यांनी चमच्याच्या दांडीने दोन्ही हातांवरचे पापुद्रे खरवडले.

उजव्या हातावर केशरी पोपट उमटला होता.

डावा तळहात होता तसाच. नुसता ताई मेंदीत घालायची त्या नीलगिरीच्या तेलाचा वास.

मुरलीने तो हात नाकाशी नेला. तसाच धरून ठेवला.

“कालवलेली मेंदी फार दिवस जगत नाही, बेटा.”

“कावेरीला काय सांगू? शब्द दिलाय मी.”

“ताईचीच निघेल, म्हणून सांग. पोपटासकट.”

मुरलीने डबा उचलला. झाकण लावलं. पायरीवरून उतरला आणि पुन्हा वळला. आवाज खाली आला होता.

“मग... निम्मे?”

“पुरे पैसे घेईन,” गुलशनबी म्हणाल्या. “रेणुकाला आजवर कुणी दिले नाहीत.”